पांढरी पाचच्या जरा वर वाजणारा भुंगा

"मामा, हाऊ भुंगा कथाईन ई ऱ्हायना?" म्हणजे, हा भुंगा कुठून येतोय?

भाच्याचा धुळ्याहून फोन आला तो असा. देवपूरला घराच्या मागच्या खोलीत त्याने छोटा स्टुडिओ टाकलाय, तिघं मित्र मिळून अहिराणी गाणी करतात, आणि श्रावणात कानबाई (आमच्या खानदेशातली देवी) बसायच्या आत एक गाणं यूट्यूबला जायला हवं म्हणून मे महिन्यातच रेकॉर्डिंग काढलेलं. प्रत्येक टेकमागे घूंऽऽऽ. गाणारी थांबली की भुंगा वर येतो, ती गायला लागली की दबतो. महिनाभर पोरांनी काय काय केलं, केबल बदलल्या, माईक बदलला, कोणीतरी सांगितलं म्हणून टेबलाची दिशासुद्धा बदलली. मी म्हटलं आधी काही न गाता नुसती एक मिनिटाची शांतता रेकॉर्ड करून पाठव.

ती फाइल कॉम्प्युटरवर उघडून स्पेक्ट्रम बघितला, म्हणजे आवाजात कुठली कंपनं किती जोरात आहेत त्याचा आलेख. ५० हर्ट्झला एक सुळका, १५० ला एक, २५० ला एक. हे बघून मला जो आनंद झाला तो पोरांना कळणार नाही, पण यात एक अख्खी गोष्ट लपलेली आहे.

आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते. का ५०? भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक केंद्र आपण रेल्वेतून जाताना बघतो, अशा केंद्रातलं टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे मारतं, म्हणजे सेकंदाला ५०. आणि ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर वीजवाहिनी जोडली गेली तेव्हापासून अख्ख्या भारताचं ग्रिड एकाच तालात फिरतंय. म्हणजे भाच्याच्या माईकमधला भुंगा आणि केरळमधल्या एखाद्या स्टुडिओतला भुंगा एकाच सुरात असतात. हार्मोनियमवर तो सूर शोधायचा तर पांढरी पाचच्या थोडा वर सापडेल, पांढरी पाच आणि काळी चार यांच्यामधे साधारण एक तृतीयांश अंतरावर. ५० म्हणजे खालचा सा धरला तर १५० हा वरच्या सप्तकातला पंचम आणि २५० त्याच्याही वरचा गंधार. गाणं कुठल्याही पट्टीत असू दे, मागे हा भलत्याच पट्टीतला तंबोरा वाजत राहतो, म्हणून तो इतका टोचतो. मोबाइलच्या स्पीकरला ५० नीट वाजवताच येत नाही, तिथे ऐकू येतात ते वरचे १५०, २५०, त्यामुळे पोरांना तो घुमण्यापेक्षा भुंग्यासारखा वाटला.

आता महत्त्वाची खूण. सुळके ५०, १५०, २५० असे विषम पटीत असतील तर बहुतेक वेळा भानगड बाहेरून येतेय, अर्थिंगमधून किंवा जवळच्या ट्रान्सफॉर्मरमधून. १००, २००, ३०० असे सम पटीत असतील तर एखाद्या मशीनच्या आतला पॉवर सप्लाय बघावा, जुना कपॅसिटर गेला की असं होतं. आणि धातूला हात लावल्यावर हम, म्हणजे हाच भुंगा, कमी झाला तर समजायचं की कुठेतरी अर्थ पोचतच नाहीये. भाच्याला हे सगळं फोनवर विचारलं. हात लावून काही फरक नाही. मग म्हटलं, लॅपटॉपचा चार्जर बोर्डातून काढ आणि बॅटरीवर रेकॉर्ड कर.

दोन मिनिटांनी फोन आला. भुंगा गेला होता.

ह्याला म्हणतात ग्राउंड लूप, आणि माझ्या मते घरगुती स्टुडिओतली ही सगळ्यात सुंदर बिघाडाची गोष्ट आहे, कारण इथे एकही वस्तू बिघडलेली नसते. पोरांकडे बँडच्या काळातला एक मिक्सर आहे, त्याला तीन पिनचा प्लग, तो दाराजवळच्या बोर्डात. लॅपटॉपचा चार्जरही तीन पिनचा, तो खिडकीजवळच्या बोर्डात. मिक्सरमधून एक साधी केबल ऑडिओ इंटरफेसला (आवाज लॅपटॉपला समजेल अशा रूपात बदलणारी डबी), इंटरफेसमधून यूएसबी लॅपटॉपला. आता बोट ठेवून रस्ता काढा: मिक्सरच्या बॉडीपासून त्याच्या अर्थ वायरने भिंतीत, भिंतीतून दुसऱ्या बोर्डाकडे, तिथून चार्जर, लॅपटॉप, यूएसबी केबलच्या तारांभोवतीची धातूची जाळी, इंटरफेस, केबलची जाळी, आणि परत मिक्सर. खोलीभर पसरलेला तारेचा एक वेढा तयार झाला. फॅरेडेने १८३१ ला दाखवलं की तारेच्या वेढ्यातून बदलतं चुंबकीय क्षेत्र गेलं की त्यात वीज निर्माण होते, हे दहावीत सगळ्यांनी लिहिलंय. घरात ५० हर्ट्झचं क्षेत्र सगळीकडे आहे. शिवाय प्रत्येक उपकरण अर्थ वायरमधे थोडी गळती सोडतंच, त्यामुळे दोन बोर्डांच्या अर्थची पातळी अगदी सारखी कधीच नसते. या दोन्हीमुळे वेढ्यातून सतत प्रवाह फिरत राहतो.

फिरेना का, आपल्याला काय त्रास? त्रास असा की साध्या केबलमधे दोनच वाहक असतात, मधली तार आणि भोवतीची जाळी, आणि जाळी दोन कामं करते, अर्थचंही आणि सिग्नलच्या परतीच्या रस्त्याचंही. एकाच पाटाने दोघांच्या शेताचं पाणी सोडल्यासारखं आहे, कोणाचं कुठलं ते पुढे वेगळं करता येत नाही. समजा जाळीचा रोध ०.१ ओहम आणि फिरणारा प्रवाह १० मिलिॲम्पिअर, तर ओहमच्या नियमाने १ मिलिव्होल्ट. केबलमधलं गाणं साधारण ३१६ मिलिव्होल्टच्या पातळीला असतं. म्हणजे भुंगा गाण्यापेक्षा फक्त ५० डेसिबल खाली. त्यावर पोरं कॉम्प्रेसर लावतात, कॉम्प्रेसर मोठे आवाज दाबतो आणि मग सगळंच वर उचलतो, दोन ओळींमधली शांतता भुंग्यासकट वर येते.

इथे सगळ्यात धोकादायक सल्ला मिळतो आणि धुळ्यातही तो मिळालाच होता, वायरिंगवाल्याने मिक्सरच्या प्लगची अर्थ पिन कापून टाकायला सांगितलं होतं. हम जातो हो, लूप तुटतो ना. पण त्या पिनेचं काम समजून घ्या. तीन पिनच्या प्लगमधली अर्थ पिन जाड असते म्हणजे ती चुकूनही फेजच्या भोकात जाणार नाही, आणि लांब असते म्हणजे प्लग घुसवताना सगळ्यात आधी अर्थ जोडला जाईल. मिक्सरच्या आत उद्या फेजची वायर सुटून बॉडीला टेकली तर अर्थ असेल तर फ्यूज उडेल, नसेल तर २३० व्होल्ट बॉडीवर, बॉडीवरून केबलच्या जाळीत, जाळीतून माईकच्या लोखंडी जाळीवर. आणि त्या जाळीला गाणाऱ्या पोरीचे ओले ओठ टेकलेले असतात. मी भाच्याला सांगितलं, भुंगा राहिला तरी चालेल, पिन कापायची नाही. स्टुडिओसाठी अंगणात वेगळा अर्थचा खड्डा करायचा सल्लासुद्धा चुकीचाच, घराच्या अर्थला न जोडलेला दुसरा खड्डा म्हणजे दोन पातळ्यांमधला फरक आणखी वाढवणं.

खरा उपाय करायचा तर सिग्नलचा परतीचा रस्ता जाळीपासून वेगळा करायला हवा. यासाठी बॅलन्स्ड केबल असते, एक्सएलआर किंवा तीन भागांवाला टीआरएस जॅक, आत दोन तारा आणि बाहेर जाळी. एका तारेतून सिग्नल सरळ जातो, दुसरीतून उलटा. समजा सिग्नल २ आहे, तर एकीत अधिक २ आणि दुसरीत उणे २. वाटेत भुंगा ५ इतका शिरला, पण तो दोन्ही तारांत सारखाच शिरतो, म्हणून पलीकडे पोचतात ७ आणि ३. पलीकडचं सर्किट फक्त वजाबाकी करतं. ७ वजा ३, चार. पाचाचा पत्ताच नाही, सिग्नल मात्र दुप्पट. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वहीत दहा वेळा वेगवेगळे आकडे घालून बघितलं होतं, भुंगा ५०० घातला तरी उत्तर चारच येतं! प्रत्यक्षात वजाबाकी इतकी परिपूर्ण नसते, चांगलं सर्किट भुंगा हजार पट कमी करतं, म्हणजे ६० डेसिबल, आणि ते दोन्ही तारांचा रोध किती तंतोतंत सारखा आहे यावर ठरतं. आता दोन्ही तारांत भुंगा सारखाच का शिरतो? कारण त्या एकमेकींना पिळलेल्या असतात, प्रत्येक अर्ध्या पिळाला त्यांची जागा बदलते, त्यामुळे कुठलीच तार जास्त वेळ भुंग्याच्या जवळ राहत नाही. पिळलेल्या जोडीचं पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८८१ ला घेतलं, टेलिफोनच्या लाइनवरचा असाच उपरा आवाज घालवायला.

पण भाच्याच्या जुन्या मिक्सरला बॅलन्स्ड आउटपुटच नाही. मग आम्ही मधे एक ऑडिओ ट्रान्सफॉर्मर टाकला, एकास एकचा, मुठीत मावेल एवढी डबी. आत एका गाभ्यावर दोन वेटोळी, एकमेकांना कुठेही न चिकटलेली. सिग्नल चुंबकीय क्षेत्राच्या रूपाने पलीकडे उडी मारतो, आणि अर्थच्या प्रवाहाला तारच सापडत नाही म्हणून वेढा तिथे तुटतो, प्लगच्या तिन्ही पिना शाबूत राहून. फॅरेडेच्या ज्या नियमाने भुंगा आत आला त्याच नियमाने त्याला बाहेर काढलं, याचं मला अजून कौतुक वाटतं. सोबत दोन्ही प्लग एकाच बोर्डात आणले, चार्जर लावलेलाच ठेवला आणि परत शांतता रेकॉर्ड केली. ५० चा सुळका तळाच्या गवतात दिसेनासा झाला.

आता त्या दिशेबद्दल. वास्तू बघणाऱ्या एका गृहस्थांनी टेबल पूर्वेच्या भिंतीला घ्यायला सांगितलं होतं आणि पोरांची खात्री आहे की त्याने थोडा फरक पडला. पडला असणारच. आधी टेबल ज्या भिंतीला होतं तिच्यामागे इन्व्हर्टर आहे, त्याच्या ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र अंतर दुप्पट झालं की जवळपास आठ पट कमी होतं. टेबल पश्चिमेला तेवढंच लांब नेलं असतं तरी तेवढाच फरक पडला असता. तसंच सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या केबलचं, सोनं गंजत नाही म्हणून जॅक टिकतो, भुंग्याला त्याने काही होत नाही. आणि नॉइज काढणारे प्लगइन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) वापरा, पण पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर साधारण १०० ते १५० च्या आसपासच असतो, तिथली कापाकापी केली की भुंग्याबरोबर गळाही बारीक होतो.

भाच्याला अजून एक शंका होती, आपल्याकडच्या ४५ अंशाच्या उन्हाने मशीनमधली ती बारीक सर्रसर्र वाढते का. ती सर्रसर्र म्हणजे रोधातल्या इलेक्ट्रॉनच्या उष्णतेच्या धडपडीचा आवाज, बेल लॅब्जमधे जॉन्सनने मोजून दाखवला आणि नायक्विस्टने १९२८ ला त्याचं गणित मांडलं. तो तापमानावर अवलंबून असतो खरा, पण तापमान केल्व्हिनमधे मोजायचं, २५ अंश म्हणजे २९८ आणि ४५ म्हणजे ३१८, त्यामुळे फरक पडतो ०.३ डेसिबलसुद्धा नाही. कानाला तो कळणार नाही. ऊन त्रास देतं ते कूलरमुळे, कूलर बंद केल्याशिवाय टेक घेता येत नाही आणि बंद केला की दहा मिनिटांत खोलीची भट्टी होते, म्हणून पोरं आता रात्री दोननंतर रेकॉर्ड करतात.

उन्हाचा दुसरा परिणाम मात्र खरा आहे. आपली काळी जमीन मे महिन्यात भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो, कोळसा-मीठ सुकतं आणि अर्थचा रोध चढतो. भाच्याच्या घरचा खड्डा पायरीखाली फरशीत गेलाय, किती वर्षं त्यात पाणी पडलं नाही कोणाला आठवत नाही. येत्या रविवारी मी मीटर घेऊन जातोय, फरशी उचलायला वहिनीने परवानगी दिलीय.