शीड किती गुंडाळावे?

मार्च-एप्रिलमध्ये गोव्याची जमीन दुपारी तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि समुद्रावरची गार हवा आत शिरते. मांडवीच्या मुखाशी सकाळी जेमतेम झुळूक असते, पण दुपारी आग्वादच्या टोकाबाहेर वायव्येचा वारा चांगलाच भरतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ३० चौरस मीटरच्या शिडावर १० नॉट (ताशी सुमारे १८.५ किमी) वाऱ्यात अंदाजे ५० किलो वजनाइतका जोर येत असेल, तर २० नॉटला तो २०० किलोंच्या घरात जातो. म्हणून नौकेचे शीड कमी करावेच लागते.

पूर्वी त्यासाठी कुणीतरी हेलकावणाऱ्या नाळेवर, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकावर जाऊन, लाटा अंगावर घेत, पुढचे शीड उतरवून लहान शीड चढवायचे. रोलर फर्लर या शीड गुंडाळणाऱ्या यंत्रणेमुळे हे काम कॉकपिटमधून, म्हणजे सुकाणूजवळच्या बसायच्या जागेतून, होऊ लागले. डोलकाठीपासून नाळेपर्यंत ताणलेल्या तारेवर, म्हणजे फोरस्टेवर, ॲल्युमिनियमची खाचेची पट्टी बसवतात आणि शिडाची पुढची कड त्या खाचेत ओवतात. खाली ड्रम, वर स्विव्हल, म्हणजे फिरता सांधा. ड्रमची दोरी ओढली की पट्टी फिरते आणि शीड तिच्याभोवती गुंडाळले जाते. गोव्यातच बांधलेल्या ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. यांनी २०२४-२५ मध्ये दोघींनीच पृथ्वीप्रदक्षिणा केली. दोनच माणसे असली की एकीची झोप म्हणजे दुसरीचा एकटीचा पहारा. अशा वेळी नाळेवरची प्रत्येक टळलेली फेरी मोलाची असते.

पण शीड पूर्ण गुंडाळून ठेवणे वेगळे आणि अर्धे गुंडाळून त्यावर नौका चालवणे वेगळे. पहिले काम फर्लर उत्तम करतो, दुसरे एका मर्यादेपर्यंतच. शीड सपाट नसते, ते मधोमध फुगीर शिवलेले असते. त्यात वरच्या आणि खालच्या कोपऱ्यांना मजबुतीसाठी कापडाचे जादा थर असतात. त्यामुळे गुंडाळी टोकांना जाड आणि मध्ये बारीक होते. जाड भाग प्रत्येक फेऱ्यात जास्त कापड ओढून घेतो, मधले कापड सैलच राहते आणि तिथे पोट सुटते. जोराच्या वाऱ्यात हवे असते सपाट शीड, मिळते फुगलेले. नौका जास्त कलते आणि वाऱ्याच्या दिशेकडे नीट चढत नाही. यावर सुंदर उपाय आहे : पुढच्या कडेला मधल्या भागात फोमची पट्टी शिवतात. मग गुंडाळी मध्येच जाड होते आणि जादा कापड आधी तिथे खेचले जाते. तरीही माझ्या मते शिडाचा तिसरा हिस्सा आत गेला की थांबावे. वारा त्याहून वाढणार असेल, तर वेगळे लहान शीडच हवे.

गुंडाळताना शिडाचा मागचा कोपरा पुढे आणि वर सरकतो. म्हणून त्याच्या दोरीची कप्पीही पुढे घ्यावी लागते, नाहीतर शिडाचा वरचा भाग फडफडत राहतो. शीड उघडताना ड्रमची दोरी हातातून एकदम सोडू नये. तिचे सैल वेढे एकमेकांवर चढतात आणि वळवाच्या वादळात नेमकी तीच दोरी अडकते. फर्लर फिरेनासा झाला तर विंच (दोरी ओढायचे चक्र) लावून जोर करण्याआधी मान वर करून बघावे. शीड चढवायची दोरी तारेला जवळजवळ समांतर असली की ती पट्टीभोवती पीळ घेते. त्या वेळी जोर लावला तर फोरस्टेच तुटू शकतो.

गोव्याचे ऊन हा आणखी एक वैरी. अतिनील किरणांनी आधी शिवणीचा दोरा कुजतो, मग कापड. त्यासाठी शिडाच्या मागच्या आणि खालच्या कडेला संरक्षक कापडाची पट्टी असते, पण ती एकाच बाजूला. ड्रमवर दोरी उलटी भरली तर पट्टी आत जाते आणि पांढरे कापड दिवसभर उन्हात राहते. मे संपण्याआधी मात्र शीड उतरवून, गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून घडी करावे. पावसाळ्यात तारेवर ठेवलेल्या गुंडाळीत बुरशी धरते, आणि तिचा एखादा सैल कोपरा वाऱ्याला सापडला की सगळे शीड उलगडून चिंध्या व्हायला एक रात्र पुरते.