संशोधनातले ‘बायकी’ विषय आले कुठून?

मुली कुटुंब, आरोग्य, घरकाम असे विषय घेतात आणि मुलाखतींवर भर देतात. मुलगे आकडेवारीकडे वळतात, असं विद्यापीठांत सर्रास बोललं जातं. हा स्वभावाचा भाग आहे, हे मला अजिबात पटत नाही. महाराष्ट्रातली गेल्या शतकाची वाटचाल पाहिली तर कारणं दुसरीकडेच सापडतात.

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या. त्यांचा प्रबंध मानवी कवटीच्या दोन बाजूंमधल्या असमानतेवर होता. मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचा वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धांतावर विश्वास होता. मोजमापांतून त्याला आधार मिळेना, आणि इरावतीबाईंनी ते तसंच मांडलं. पुढे डेक्कन कॉलेजात त्यांनी माणसांची शारीरिक मोजमापंही घेतली आणि भारतभरच्या नात्यांच्या शब्दांचा मागही काढला. पद्धत प्रश्नानुसार ठरत होती.

खरं वळण आलं १९७४ मध्ये. स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करायला १९७१ मध्ये नेमलेल्या सरकारी समितीने अहवाल दिला. लीला दुबे या समितीच्या सदस्य होत्या, वीणा मजुमदार सदस्य-सचिव. दर हजार पुरुषांमागे १९०१ मध्ये ९७२ स्त्रिया होत्या, १९७१ मध्ये ९३०. हे आकडे जनगणनेत पडून होते, पण त्यांचा अर्थ विचारणारे विद्यापीठांत फारसे नव्हते. १९७४ मध्येच मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचं केंद्र सुरू झालं, आणि १९८१ मध्ये तिथेच पहिली राष्ट्रीय परिषद भरली.

विषय मिळाला, पण साधनं अपुरी होती. शेतात, गोठ्यात राबणाऱ्या बाईचं काम नोंदींत नीट येतच नसे. जुने कागद बहुतेक पुरुषांनी लिहिलेले. मग प्रत्यक्ष विचारण्यावाचून मार्ग काय उरतो?

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी तेच केलं. दोघीही प्राध्यापक नव्हत्या. आंबेडकरी चळवळीतल्या वयस्क स्त्री-कार्यकर्त्यांना शोधून, त्यांच्याशी बोलून त्यांनी १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध केलं. महाडच्या सत्याग्रहात स्त्रिया होत्या, १९४२ च्या नागपूरच्या दलित महिला परिषदेला हजारोंनी जमल्या होत्या. एवढं घडूनही चळवळीच्या इतिहासांत त्यांना एखाद-दोन ओळींपलीकडे जागा नव्हती. ही माणसं आणखी दहा-वीस वर्षांनी भेटली नसती. अशा कामाला ‘सॉफ्ट’ म्हणणाऱ्यांनी ही घाई लक्षात घ्यावी.

पण ‘स्त्रियांची पद्धत’ असं एकच काही आहे का? १९९५ मध्ये राज्यशास्त्राचे अभ्यासक गोपाळ गुरू यांनी दलित स्त्रिया वेगळं बोलतात, असं ठामपणे मांडलं. ते पुरुष. १९९८ मध्ये पुणे विद्यापीठातल्या शर्मिला रेगे यांनी त्यावर लिहिलं: दलित स्त्रियांच्या अनुभवातून पाहण्याचा हा दृष्टिकोन फक्त त्यांच्यावर सोपवून सवर्ण स्त्रीवाद्यांना बाजूला होता येणार नाही, तो त्यांनीही अभ्यासून आपलासा करायला हवा. पुढे त्यांनी दलित स्त्रियांच्या आत्मकथनांकडे साक्ष म्हणून पाहिलं, आणि २००६ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला.