पुण्याचा गाळ आणि खाडीकाठची तिवरं

पुण्याला समुद्र नाही, पण पुणे जिल्ह्याचं पाणी दोन समुद्रांकडे जातं. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागराला. उलट मुळशी धरणाचं पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजघरात येतं, तिथून कुंडलिकेत आणि पुढे रेवदंड्याच्या खाडीतून अरबी समुद्रात. पाणी कमीअधिक पोचतं. गाळ मात्र बराचसा वाटेतल्या धरणांत बसतो. समुद्र चढत असताना कांदळवनं, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या चिखलातली तिवरांची जंगलं, टिकतील की बुडतील, हे ठरवण्यात या गाळाचा वाटा मोठा आहे. हवामान बदलाच्या चर्चेत त्याचं नाव क्वचित निघतं.

कांदळवन भरती-ओहोटीच्या पट्ट्याच्या साधारण वरच्या अर्ध्या भागात उगवतं, म्हणजे सरासरी समुद्रपातळीच्या वर आणि मोठ्या उधाणाच्या रेषेच्या खाली. तिथल्या चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नसतो. म्हणून तिवराची मुळं पेन्सिलीसारखी चिखलातून उभी वर येतात आणि ओहोटीच्या वेळी सालीवरच्या छिद्रांतून हवा घेतात. पाण्याखाली राहण्याचे तास वाढत गेले की मुळं गुदमरतात आणि झाड उभ्या उभ्या वाळतं.

पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत तयार झालेल्या २०२० सालच्या अहवालानुसार उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात वर्षाला सरासरी ३.३ मि.मी. चढली. कांदळवनही स्वस्थ बसत नाही. भरतीबरोबर आलेला गाळ मुळांत अडकतो, खाली नवी मुळं वाढतात आणि जमीन वर येते. ही शर्यत कुठवर चालते? शेवटच्या हिमयुगानंतर समुद्र झपाट्यानं चढला, त्या काळातल्या गाळाच्या थरांवरून असं दिसतं, की वर्षाला ६ ते ७ मि.मी.च्या पुढे कांदळवनं मागे पडतात. आज आपण त्या आकड्याच्या खाली आहोत, पण गाळ येत असेल तरच त्या अंतराला अर्थ आहे.

जमीन खरंच वर येते का, हे मोजायची पद्धत साधी पण चिकाटीची आहे. स्टीलचे दांडे एकमेकांना जोडत चिखलात ठोकत जायचं. आणखी खाली जाईना झाले की थांबायचं. हा झाला स्थिर संदर्भ. त्यावर आडवी पट्टी बसवून तिच्यातल्या ९ सळ्या चिखलाला हलकेच टेकेपर्यंत सोडायच्या आणि उंची वाचायची. पट्टी ४ दिशांना फिरवली की ३६ नोंदी मिळतात. शेजारी फेल्डस्पार या खनिजाची पांढरी पूड पसरून ठेवायची आणि वर्षभरानं चिखल कापून त्या पांढऱ्या रेघेवर किती गाळ बसला ते पाहायचं. समजा, गाळ ६ मि.मी. साचला, पण सळ्यांनी चढ २ मि.मी.च दाखवला, तर उरलेले ४ मि.मी. खालचा चिखल दबण्यात गेले. मोजणाऱ्यानं फळीवरूनच वावरायचं, पाय चिखलात पडला की नोंद बिघडते. सळी खेकड्याच्या बिळात गेली तर तसं टिपून ठेवायचं.

कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशात हे गणित अवघड आहे. भीमेचा गाळ आधी उजनीत, मग जुराला, श्रीशैलम, नागार्जुनसागर आणि शेवटी विजयवाड्याच्या प्रकाशम बॅरेजशी अडतो. त्रिभुज प्रदेशाची भुसभुशीत जमीन स्वतःच्या भारानं दबत राहते, आणि ती भरून काढणारा गाळ आटला आहे. शिवाय तिथला भरती-ओहोटीतला फरक मुंबईच्या निम्म्याहूनही कमी, त्यामुळे झाडांना जगायला मिळणारा उभा पट्टाच अरुंद. मुंबईजवळ मोठ्या उधाणात हा फरक ४ मीटरच्या वर जातो. तिथे काही मिलिमीटर खपून जातात.

कोकणात अडचण वेगळी आहे. जमीन पुरेशी वर येत नसेल तर कांदळवनानं मागे सरकायला हवं, पण मागे रस्ता, भराव, नाहीतर खारं पाणी शेतात येऊ न देणारा खारबांध असतो. पेण-अलिबागकडे भातखाचरं या बांधांमुळेच टिकून आहेत. उधाणात बांधाला खांड गेली आणि ती वेळेवर बुजली नाही की खारं पाणी आत येतं आणि काही वर्षांत भाताच्या जागी तिवरं उभी राहतात. जंगलाच्या दृष्टीनं हे योग्य स्थलांतर. शेतकऱ्याचं मात्र शेत जातं आणि कांदळवन तोडायला बंदी असल्यानं ते परत मिळणंही कठीण. याची भरपाई कोण देणार, हे ठरवल्याशिवाय ‘कांदळवनांना जागा द्या’ म्हणणं मला अर्धवट वाटतं.

रोपं लावण्याचे कार्यक्रम अनेकदा चुकीच्या उंचीवर होतात. खाडीतला उघडा चिखल मोकळा दिसतो, म्हणून तिथे रांगा लावल्या जातात. ती जागा सरासरी समुद्रपातळीच्या खाली असते. रोपं फार वेळ बुडतात, खोडांवर बार्नेकल हे कठीण कवचाचे छोटे समुद्री जीव चिकटतात आणि ती मरतात. जगलीच, तर पाणपक्ष्यांचं खाद्य असलेला चिखल जातो.

रोपं लावण्याआधी पाणी आत-बाहेर कुठून जातं ते पाहावं. रस्त्याखालची मोरी अरुंद असली किंवा मुरुमानं बुजली, तर आतली तिवरं उन्हाळ्यात मिठानं होरपळतात आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात गुदमरतात. मोरी रुंद करून तिचा तळ खाडीच्या तळाशी जुळवला आणि जवळपास जुनी झाडं असली, तर बिया भरतीबरोबर आपसूक येतात. रोपवाटिकेची गरज बहुधा पडत नाही.