२९ डिसेंबर १८४३: ग्वाल्हेरच्या दोन लढाया

शिंद्यांच्या ग्वाल्हेरच्या फौजेने २९ डिसेंबर १८४३ या एकाच दिवशी इंग्रजांविरुद्ध दोन लढाया गमावल्या. एक शहराच्या उत्तरेला महाराजपुरास, दुसरी नैर्ऋत्येला पनिहारला. दोन्हींची सरमिसळ सहज होते. महाराजपुरावर आग्र्याकडून चंबळ उतरून आलेला इंग्रज सेनापती सर ह्यू गफ होता, पनिहारला बुंदेलखंडाच्या बाजूने आलेला मेजर जनरल ग्रे.

वादाचे मूळ चाळीस वर्षे मागे जाते. ३० डिसेंबर १८०३ रोजी सुर्जी-अंजनगावच्या तहाने दौलतराव शिंद्यांना गंगा-यमुनेचा दोआब, भडोच आणि अहमदनगर सोडावे लागले. (त्याच महिन्यातला, १७ तारखेचा देवगावचा तह नागपूरकर भोसल्यांचा; तो वेगळा.) पाठोपाठ २७ फेब्रुवारी १८०४ रोजी बऱ्हाणपूरचा तह झाला: शिंद्यांनी मागितली तर कंपनीने फौज द्यायची. सगळी गोम या ‘मागितली तर’मध्ये आहे.

फेब्रुवारी १८४३ मध्ये ग्वाल्हेरचे महाराज जनकोजीराव शिंदे निपुत्रिक वारले. त्यांची विधवा ताराबाई स्वतःच तेराच्या आतबाहेर, त्यांच्या मांडीवर दत्तक दिलेले जयाजीराव आठ-नऊ वर्षांचे. कारभारी म्हणून कंपनीला मामासाहेब कदम हवे होते. दरबारातल्या दादा खासगीवाल्यांनी त्यांना बाजूला सारले. मग गव्हर्नर जनरल एलनबरोने बऱ्हाणपूरचा जुना कागद बाहेर काढला. महाराज अज्ञान, त्यांना मदत मागता येत नाही, तेव्हा त्यांच्या वतीने आम्हीच फौज धाडतो! खरी धास्ती होती लाहोरच्या शीख फौजेची. ती शिंद्यांच्या फौजेला मिळाली तर आग्रा-दिल्ली कात्रीत सापडणार. म्हणूनच दरबाराने खासगीवाल्यांना इंग्रजांच्या हवाली केल्यावरही कूच थांबली नाही.

गफची अपेक्षा होती की मराठे (शिंद्यांची फौज) चोंडा गावाशी भेटतील. ते रातोरात पुढे सरकून महाराजपुरात तोफा रोवून बसले. गफने नीट टेहळणी केली नव्हती, जड तोफाही सोबत आणल्या नव्हत्या. ओघळींनी फाटलेल्या मैदानातून पायदळाला थेट तोफांच्या तोंडी जावे लागले. इंग्रजांची जवळपास ८०० माणसे मेली वा जखमी झाली. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत, हे खुद्द इंग्रजांनी लिहून ठेवले आहे. ५६ तोफा मात्र गेल्या. पनिहारला ग्रेचे नुकसान बरेच कमी, दोनशेच्या आसपास. पकडलेल्या तोफांच्या धातूतून विजेत्यांची ताऱ्याच्या आकाराची पदके घडली. लढाईनुसार त्यांवर महाराजपूर किंवा पनिहार हे नाव आहे. कोलकात्यात हुगळीकाठी स्मारकही उभे राहिले.

१३ जानेवारी १८४४ च्या तहाने शिंद्यांची फौज ९,००० वर आणली. त्यात पायदळ ३,००० पेक्षा जास्त नको. उलट इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालचे ग्वाल्हेर कंटिंजंट हे दल वाढवले, खर्चासाठी शिंद्यांचाच मुलूख तोडून घेतला. हेच कंटिंजंट १४ जून १८५७ रोजी ग्वाल्हेरजवळच्या मुरारच्या छावणीत बंड करून उठले.