जुन्या थिंकपॅडला नव्याचा पार्ट: हे मुळात जमतं कसं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा अधिकृत सपोर्ट संपला. विंडोज ११ ला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, त्यामुळे दहा-बारा वर्षांपूर्वीचे ठणठणीत लॅपटॉप एका झटक्यात कागदोपत्री म्हातारे झाले. अशा वेळी बहुतेक लोक एसएसडी टाकतात, रॅम वाढवतात, जमलं तर लिनक्स घालतात. थोडे चक्रम मात्र त्यापुढे जातात आणि जुन्या मॉडेलमध्ये नंतरच्या मॉडेलचा पार्ट बसवतात. मी त्यांतलाच एक.

माझा टी४४०पी हा थिंकपॅड लॅपटॉप घेऊन नाशकात एमजी रोडवरच्या एका गाळ्यात गेलो, तेव्हा सोबत नंतरच्या टी४५० चा सुटा टचपॅड होता. कारागिराने तो उलटसुलट करून पाहिला. ‘सर, हा चारशे पन्नासचा आहे. तुमच्या मशीनला कसा बसेल?’ म्हटलं, ‘बसतो, लावून तर बघा.’ टी४४०पीचं मागचं झाकण दोन स्क्रूंवर असतं. ते सरकवलं की रॅम, डिस्क, प्रोसेसर सगळं समोर. टचपॅडसाठी मात्र अख्खं मशीन सोलावं लागतं. त्याने स्क्रू चुंबकाच्या वाटीत काढले, जुना पॅड उचलला आणि नवा खाचेत ठेवला. जराही घासाघीस नाही. पट्टीची केबलही तीच.

हे नशीब नव्हे, त्यामागे तीस वर्षांची एक सवय आहे.

पहिला थिंकपॅड, ७००सी, आयबीएमने ऑक्टोबर १९९२ मध्ये आणला. रिचर्ड सॅपरचं काळ्या डब्याचं डिझाइन, कीबोर्डच्या मधोमध माऊसचं काम करणारी लाल गुंडी म्हणजे ट्रॅकपॉइंट, आणि घडण जपानच्या यामातो प्रयोगशाळेची. पण माझ्या मते या कहाणीतली खरी मोलाची चीज डिझाइन नाही, दुरुस्तीचं पुस्तक आहे. आयबीएमची गिऱ्हाइकं म्हणजे बँका, विमा कंपन्या, मोठी ऑफिसं. तिथे मशीन बंद पडलं की इंजिनिअर पार्ट घेऊन जाणार आणि जागच्या जागी बदलणार. म्हणून प्रत्येक बदलण्याजोग्या भागाला स्वतंत्र एफआरयू नंबर, आणि कुठला स्क्रू आधी, कुठला नंतर हे चित्रांसकट सांगणारं हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल. ते कुणालाही मिळायचं. दोन मॉडेलांच्या याद्या शेजारी ठेवल्या आणि एकच नंबर दोन्हीकडे दिसला, की अदलाबदल होणार हे स्क्रूड्रायव्हर हातात न घेताच कळतं. डिसेंबर २००४ मध्ये आयबीएमने पीसीचा धंदा लेनोव्होला विकायचं जाहीर केलं, मे २००५ मध्ये व्यवहार पुरा झाला. मॅन्युअलची प्रथा लेनोव्होनेही चालू ठेवली.

दुसरं कारण साधं काटकसरीचं: दरवर्षी नवा साचा कोण पाडणार? २००६ चा टी६० आणि २००७ चा टी६१ बघा. टी६० च्या १५ इंची चौकोनी मॉडेलात १६०० बाय १२०० चा देखणा आयपीएस पडदा मिळायचा, पण मदरबोर्डाची चिपसेट जेमतेम ३ जीबी रॅम वापरू द्यायची. टी६१ चा बोर्ड ८ जीबीपर्यंत जातो, पण त्याला तसा १५ इंची चौकोनी पडदाच नव्हता. टी६१ च्या १४ इंची चौकोनी मॉडेलाचा बोर्ड टी६० च्या कवचात बसतो हे लक्षात आल्यावर लोकांनी दोघांचं लग्न लावलं. त्या संकराला फ्रँकनस्टाइनवरून नाव पडलं फ्रँकनपॅड. तेव्हाही जाणकार एनव्हिडियाऐवजी इंटेल ग्राफिक्सचाच बोर्ड शोधायचे. त्या काळातल्या सदोष चिपांसाठी एनव्हिडियाने २००८ मध्ये १५ ते २० कोटी डॉलरचा भार सोसत असल्याचं स्वतःच जाहीर केलं होतं.

टचपॅडची गोष्ट म्हणजे कंपनीने केलेली चूक आणि तिचीच दुरुस्ती. २०१३ च्या टी४४० मालिकेत ट्रॅकपॉइंटची वेगळी बटणं गेली आणि सगळा पॅडच खाली दाबायचा झाला. ट्रॅकपॉइंटवाले वैतागले. २०१५ च्या टी४५० मध्ये तीन बटणं परत आली, खाच मात्र तीच राहिली. म्हणून माझा पॅड असा अलगद बसला.

उलट दिशेनेही हे चालतं. २०१२ च्या एक्स२३० ला आदल्या वर्षीच्या एक्स२२० चा सात ओळींचा कीबोर्ड लावणारे आहेत. तिथे मात्र खालची टोकं कानशीने घासा, कनेक्टरच्या काही पिनांवर टेप चिकटवा, शिवाय कीबोर्ड सांभाळणाऱ्या कंट्रोलरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, बदला, एवढा व्याप आहे. आणि सगळ्यात टोकाचे चीनमधल्या ५१एनबी या ऑनलाइन फोरमवरचे हौशी. त्यांनी एक्स२००-एक्स२०१ च्या कवचासाठी आठव्या पिढीच्या प्रोसेसरचा अख्खा नवा बोर्डच बनवला. त्याचं नाव एक्स२१०.

दार उघडं ठेवणाऱ्या कंपनीनेच कडीही लावली, हेही सांगायला हवं. जुन्या थिंकपॅडमध्ये यादीबाहेरचं वाय-फाय कार्ड घातलं की सुरू होतानाच १८०२ नंबरची एरर येते आणि मशीन पुढे सरकत नाही. नंतर तर भागच सुटे राहिले नाहीत. टी मालिकेत प्रोसेसर सॉकेटमध्ये, म्हणजे काढून बदलता येईल असा, असलेली टी४४०पी आणि टी५४०पी ही शेवटची मॉडेलं. पुढे प्रोसेसर बोर्डावरच सोल्डर झाला, पातळ मॉडेलांत रॅमही.

नाशकात पार्ट मिळवणं हा वेगळाच उद्योग. पूर्वी अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारात एखादा डेड बोर्डाचा सांगाडा हाती लागेल अशी आशा असायची. २०१७ मध्ये महापालिकेने तो बाजार हटवला. आता पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतून भाडेकरार संपून आलेले लॉट दुकानांत येतात, त्यातून ‘बॉडी ओके, डिस्प्ले गेलेला’ असा एखादा निवडायचा. नाहीतर सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडायची, दादरला उतरून लोकलने ग्रँट रोड, आणि तिथून चालत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड. माझा पॅड तिथलाच.

त्या दिवशी सगळं परत जोडल्यावर ट्रॅकपॉइंट हललाच नाही. पुन्हा उघडलं, तर केबलचं कुलूप अर्धंच बसलेलं. ते दाबलं, मशीन चालू केलं, तिन्ही बटणं चालली. कारागीर जुना पॅड खणात टाकायला निघाला, मग थांबला. ‘सर, हा ठेवू का? कुणाला लागेल?’

मी जरा विचार केला. टी४४०पीवाला एकही माणूस तो मागायला येणार नव्हता.