जुना लाकडी मजला, नवा स्लॅब आणि वर एकच टाइल

गिरगाव, लालबाग, दादरच्या जुन्या चाळींत हे नेहमीचेच: खोली मूळच्या सागवानी तुळयांवर, आणि मोरी किंवा गॅलरीचा भाग मागच्या दुरुस्तीत आरसीसीचा झालेला. टाइल मात्र दारापासून गॅलरीपर्यंत एकसारखी हवी असते. तशी बसवता येते. फक्त वरून एक दिसणारी ही जमीन खालून दोन आहे. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, चालताना लवते. स्लॅब जागचा हलत नाही. दोन्हींवर सिमेंट-वाळूचा माल सलग टाकला की तडा नेमका जोडावर जातो.

लाकडी भाग

तुळई भिंतीत शिरते तिथेच आधी कुजते, कारण भिंत ओल धरते. त्या टोकांना स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहतो. सहज आत गेला, तर टाइलचा विषय तिथेच थांबतो. तुळई बदलणे हे टाइलवाल्याचे काम नव्हे. इमारत उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत) असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडेच जावे लागते. ही टोके बहुधा खालच्या घरातून दिसतात, म्हणून शेजाऱ्यांना आधी कल्पना द्या.

जुना कोबा छन्नी-हातोड्यानेच काढतो. ब्रेकर लावला तर हादऱ्याने खालच्यांच्या छताचे पोपडे पडतात. डेब्रिज रोज उतरवायचे, खोलीत ढीग नको.

आता वजनाचा हिशोब. १० बाय १२ च्या खोलीत २ इंच सिमेंट-वाळूचा माल म्हणजे अकराशे किलो, त्यावर टाइल अडीचशे. म्हणून लाकडावर माल टाकत नाही. फळ्यांवर १८ मिमी मरीन प्लाय (आयएस ७१०), त्यावर ८ मिमी सिमेंट बोर्ड, दर ६ ते ८ इंचांवर गंज न धरणारा स्क्रू. बोर्डांमध्ये ३ मिमी फट आणि भिंतीपासून ८ ते १० मिमी जागा सोडतो. ही जागा नंतर स्कर्टिंगखाली झाकली जाते. ती मालाने भरायचा मोह मिस्त्रीला फार होतो, लक्ष ठेवा. वर लवचिक (एस१) टाइल अ‍ॅडहेसिव्ह. टाइलसकट सगळे सहाशे किलोंच्या आत बसते.

१० फूट पल्ल्याची तुळई भाराखाली ८ मिमीपेक्षा जास्त लवत असेल, तर कितीही चांगले अ‍ॅडहेसिव्ह लावा, टाइलच्या सांध्यांतला ग्राउट सुटणारच.

स्लॅबचा भाग

नव्या स्लॅबला किमान २८ दिवस द्या. मग दीड फूट चौरस प्लास्टिक चारही कडांनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसले, तर थांबा. पावसाळ्यात हे थांबणे लांबते, त्याला इलाज नाही.

मोरी स्लॅबवरच ठेवा. लाकडावर मोरी आम्ही करत नाही. वॉटरप्रूफिंग कधी ना कधी गळते, आणि स्लॅबला फक्त ओल दिसते, तुळई मात्र कुजते.

जोड

लाकूड-स्लॅबच्या रेषेवर ८ ते १० मिमी फट तळापासून टाइलच्या वरच्या पातळीपर्यंत सलग ठेवतो. आत फोमची दोरी, वर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. पाय अडखळू नये म्हणून एकाच बाजूला बसवलेली पितळी पट्टी. दोन्ही बाजूंना स्क्रू मारला की पट्टीच वाकते. टाइलची मांडणी या रेषेपासून सुरू करतो, म्हणजे फट टाइलच्या मधोमध येत नाही. अ‍ॅडहेसिव्ह आणि बोर्डांची जाडी धरून दोन्ही पातळ्या आधीच लेव्हल ट्यूबने जुळवतो.

सामान

१२० चौरस फुटांना २ बाय २ च्या टाइलचे (बॉक्समध्ये ४) कापाकापी धरून ९ बॉक्स आणि २० किलोच्या ३ गोण्या अ‍ॅडहेसिव्ह लागते. बॉक्स साधारण ३० किलोचा असतो. नऊच्या नऊ मध्यावर रचू नका. भिंतीलगत, तुळयांना आडवे पसरून ठेवा.

ग्राउटनंतर २४ तास चालू नका. गोदरेजचे कपाट आठवडाभराने आणा, आणि तेही तुळयांच्या टोकांकडच्या भिंतीला लावा.