घरगुती मेल सर्व्हर

स्वतःच्या मालकीच्या डोमेन नावावर येणारे ई-मेल एखाद्या व्यावसायिक सेवेकडे न सोपवता घरातील संगणकावर स्वीकारणे, तेथेच साठवणे आणि शक्य असेल तेथे तेथूनच बाहेर पाठवणे, या व्यवस्थेस घरगुती मेल सर्व्हर म्हणतात. घरी येणारी साधी ब्रॉडबँड किंवा फायबर जोडणी, दिवसरात्र चालू राहणारा एक लहान संगणक, एक डोमेन नाव आणि मुक्त स्रोत सॉफ्टवेअर एवढ्या सामग्रीवर ती उभी राहते. मेल स्वीकारणे आणि मेल पाठवणे ही या व्यवस्थेची दोन अंगे दिसायला जुळी असली, तरी त्यांची अवघडता अगदी निराळी आहे. पहिले काम आजही घरातून सुखरूप होते; दुसरे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत घरगुती जोडणीवरून जवळजवळ अशक्य झाले आहे.

ई-मेलच्या मूळ नियमांत लहानमोठा असा भेद नाही. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजात एसएमटीपी हा मेल पोहोचवण्याचा संकेत मांडला आणि थोड्याफार सुधारणांसह (२००८ चा आरएफसी ५३२१ ही त्याची सध्या प्रचलित आवृत्ती) तोच आजही जगभर वापरला जातो. पाठवणारा सर्व्हर प्रथम पत्त्यातील डोमेन नावाचे मेल कोणते यंत्र घेते हे सांगणारी एमएक्स नोंद डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या नावांच्या निर्देशिकेत, शोधतो, तिच्यातून मिळालेल्या यंत्राच्या आयपी पत्त्यावर (इंटरनेटवरील क्रमांकावर) पोर्ट २५ मधून, म्हणजे मेलसाठी ठरलेल्या क्रमांकाच्या दारातून, जोडणी करतो, स्वतःचे नाव सांगतो, मेल कोणाकडून कोणाला आहे हे सांगतो आणि मग मजकूर हवाली करतो. समोरून येणारे उत्तर २ या अंकाने सुरू झाले तर मेल स्वीकारला, ४ ने सुरू झाले तर तूर्त शक्य नाही म्हणून पुन्हा यावे, आणि ५ ने सुरू झाले तर कायमचा नकार, असा अर्थ होतो. एकदा स्वीकाराचे उत्तर दिले की त्या मेलची जबाबदारी स्वीकारणाऱ्याची होते. यंत्र मागाहून बंद पडले अशा किरकोळ कारणासाठी तो हरवता कामा नये, असे नियमावली बजावते. प्रत्येक डोमेनवर ‘पोस्टमास्टर’ नावाचा पत्ता चालू असलाच पाहिजे, हाही नियम आहे, आणि तो माहिती केंद्रात रांगेने मांडलेल्या हजारो यंत्रांना जितका लागू आहे, तितकाच स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवलेल्या एका डबीएवढ्या संगणकालाही लागू आहे.

या कामाची सॉफ्टवेअरे विद्यापीठे आणि संशोधनशाळांतून आली. एरिक ऑलमन यांचे सेंडमेल बर्कलीच्या युनिक्सबरोबर १९८० च्या दशकात पसरले. फिलिप हेझल यांनी केंब्रिज विद्यापीठात १९९५ मध्ये एक्झिम लिहिले. वित्से व्हेनेमा यांचे पोस्टफिक्स १९९८ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. घरगुती सर्व्हरसाठी आज सामान्यतः पोस्टफिक्स घेतात. ते मेलची ने-आण करते. साठवलेले मेल फोनवर किंवा संगणकावर वाचता यावेत म्हणून टिमो सिराइनेन यांचे डव्हकॉट त्याच्या जोडीला असते. ही सर्व एकत्र बांधून देणारे मेल-इन-अ-बॉक्स किंवा मेलकाऊ यांसारखे संचही उपलब्ध आहेत; तथापि ज्याला हा सर्व्हर वर्षानुवर्षे सांभाळायचा आहे, त्याने निदान एकदा तरी सर्व भाग हाताने जोडून पाहावेत, कारण पुढे बिघाड झाला की सॉफ्टवेअरने लिहिलेल्या नोंदवह्या (लॉग) वाचूनच कारण शोधावे लागते आणि कोणत्या भागाने कोणती ओळ लिहिली हे ठाऊक नसेल तर ते सापडत नाही.

ई-मेलला अखंड जोडणी लागत नाही, ही गोष्ट अनेकदा विसरली जाते. सर्वसामान्य भारतीयांसाठी १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सेवा सुरू केली. परंतु त्याच्या कितीतरी आधी, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, मुंबईत जुहू येथील एनसीएसटी ही संगणक-संशोधन संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात एर्नेट या शैक्षणिक-संशोधन जाळ्याच्या प्रकल्पाखाली साध्या दूरध्वनीच्या तारेवरून ई-मेलची देवाणघेवाण होऊ लागली होती. एक यंत्र दुसऱ्याला फोन लावी, दोन्हीकडच्या रांगेतील टपालाची अदलाबदल होई आणि फोन ठेवला जाई. ही सहनशीलता एसएमटीपीतही आहे. समोरचा सर्व्हर भेटला नाही तर पाठवणाऱ्याने मेल रांगेत ठेवावा, ठरावीक अंतराने पुन्हा प्रयत्न करावा आणि निदान चार-पाच दिवस तरी हार मानू नये, अशी नियमावलीची अपेक्षा आहे. पोस्टफिक्स स्वतःहून पाच दिवस थांबते. त्यामुळे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात भारनियमनात सहा-आठ तास वीज गेली, किंवा पावसाळ्यात फायबर तुटून दोन दिवस जोडणी बंद राहिली, तरी येणारे मेल सहसा हरवत नाहीत, उशिरा येतात. घरी सर्व्हर ठेवण्यास विजेचे कारण देऊन नकार देणाऱ्यांनी ही बाब आवर्जून लक्षात घ्यावी.

पाठवण्याच्या कामातील अडचण तांत्रिक कमी आणि विश्वासाची अधिक आहे. आरंभीच्या काळात कोणताही सर्व्हर कोणाचाही मेल पुढे नेऊन देई आणि ते सौजन्य समजले जाई. अनाहूत जाहिरातींचे पहिले उदाहरण म्हणून इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवर मे १९७८ मध्ये सुमारे चारशे जणांना गेलेल्या संगणक विक्रीच्या संदेशाकडे बोट दाखवले जाते. १९९० च्या दशकात व्यापारी स्पॅम वाढला तेव्हा हे उघडे सर्व्हर त्याचे वाहन बनले, आणि १९९८ मध्ये सेंडमेलच्या ८.९ या आवृत्तीत परक्यांचे मेल पुढे नेणे मूळ मांडणीतच बंद करण्यात आले. मग स्पॅम पाठवणारे घरातील संगणकांकडे वळले. २००३ मधील सोबिगसारख्या विषाणूंनी घरोघरची विंडोज यंत्रे मालकाच्या नकळत मेल पाठवणारी यंत्रे बनवली. त्यावर इंटरनेट सेवा पुरवठादारांनी काढलेला उपाय सरसकट होता: घरगुती ग्राहकांना बाहेर जाणारे पोर्ट २५ बंद. ग्राहकांच्या स्वतःच्या मेल पाठवण्यासाठी पोर्ट ५८७ आणि ४६५ राहिले, पण त्यांवर आधी नाव आणि परवलीचा शब्द देऊन कोणत्या तरी अधिकृत सर्व्हरकडे मेल सोपवावा लागतो; दुसऱ्याच्या सर्व्हरशी बरोबरीच्या नात्याने बोलण्याचा दरवाजा तो नव्हे.

पोर्ट २५ उघडे असले तरी पुढे दुसरी भिंत असते. लंडनमध्ये १९९८ साली स्थापन झालेली स्पॅमहाउस ही संस्था ज्या याद्या प्रसिद्ध करते, त्यांत धोरणयादी म्हणता येईल अशी एक यादी आहे. ज्या आयपी पत्त्यांवरून थेट मेल जाणे अपेक्षित नाही अशा पत्त्यांचे पट्टे तिच्यात नोंदलेले असतात, आणि कित्येकदा ते पट्टे पुरवठादारांनीच कळवलेले असतात. तिच्यात नाव असणे म्हणजे स्पॅम पाठवल्याचा आरोप नव्हे, परंतु परिणाम तोच होतो: ही यादी वापरणारे सर्व्हर मेल दारातच नाकारतात. घरच्या सर्व्हरवरून कधी एकही वावगा मेल गेला नसेल, तरी शेजारपाजारच्या पत्त्यांवरून त्याची किंमत ठरते. ही पद्धत व्यवहार्य आहे हे मान्य करूनही ती अन्यायाची आहे असे म्हणणे भाग आहे, कारण तिच्यात माणसाच्या वर्तनाला जागा नाही.

त्यातच उलट्या नोंदीचा प्रश्न येतो. नावावरून पत्ता सांगणारी डीएनएस नोंद डोमेनचा मालक करतो, परंतु पत्त्यावरून नाव सांगणारी पीटीआर नोंद त्या पत्त्याच्या मालकाच्या, म्हणजे पुरवठादाराच्या, हाती असते. मोठ्या सेवा ही नोंद तपासतात; जीमेलने तर फेब्रुवारी २०२४ पासून सर्वच पाठवणाऱ्यांसाठी ती आवश्यक केली. घरगुती योजनेत पुरवठादार ती ग्राहकाच्या नावाने क्वचितच करून देतो. आयपीव्ही६ या आयपी पत्त्यांच्या नव्या पद्धतीत पत्त्यांची टंचाई नसली तरी ही अडचण तशीच राहते, म्हणून अनेक घरगुती सर्व्हरना बाहेर जाताना केवळ जुनी आयपीव्ही४ पद्धत वापरण्याची सक्ती करावी लागते.

भारतात याच्याही आधी एक अडथळा उभा असतो. जागतिक पातळीवरील आयपीव्ही४ पत्त्यांचा मोकळा साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला आणि आशिया-पॅसिफिक विभागात त्याच वर्षी एप्रिलपासून काटकसरीचे वाटप सुरू झाले. येथील घरगुती इंटरनेट त्यानंतर झपाट्याने वाढले, त्यामुळे अनेक पुरवठादार शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. या रचनेस सीजीनॅट म्हणतात. आपल्या राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर आपण अशा रचनेमागे आहोत असे समजावे. अशा घरात बाहेरून कोणी जोडणीच करू शकत नाही, म्हणजे मेल स्वीकारण्याचे सोपे कामही अडते. जादा शुल्क भरून स्थिर पत्ता मिळत असेल तर तो घेणे हा सरळ मार्ग होय. बदलता पण सार्वजनिक पत्ता असेल तर पत्ता बदलताच नोंद आपोआप बदलणाऱ्या डायनॅमिक डीएनएसने काम भागते. पत्ता बदलल्यानंतर जुनी नोंद विसरली जाईपर्यंतच्या काही मिनिटांत मेल भलत्याच ग्राहकाच्या दारी जाण्याची भीती असते. सामान्यतः तेथे ऐकणारे कोणी नसल्याने तो रांगेत परततो, मात्र नोंदीची मुदत कमी ठेवणे इष्ट.

पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याच्या तीन पद्धती आता जवळपास अनिवार्य झाल्या आहेत. आपल्या नावाने कोणत्या पत्त्यांवरून मेल जाऊ शकतो हे एसपीएफ सांगते. डीकेआयएममध्ये प्रत्येक मेलवर गुप्त किल्लीने सही होते आणि ती पडताळण्याची उघड किल्ली डीएनएसमध्ये असते. या दोन्ही कसोट्यांत न उतरणाऱ्या मेलचे काय करावे हे डीमार्क सांगते. घरगुती सर्व्हरच्या दृष्टीने यांतील डीकेआयएम सर्वांत मोलाचे, कारण त्याची सही पत्त्याशी नव्हे तर डोमेनशी बांधलेली असते. मेल कोणत्याही वाटेने गेला तरी, वाटेत त्यात बदल झाला नाही तर, सही टिकते.

याच गुणामुळे सध्याची सर्वांत टिकाऊ मांडणी शक्य होते. येणारे मेल थेट घरी घ्यावेत, घरीच साठवावेत आणि सही करावी, पण बाहेर पाठवताना ते एखाद्या नावाजलेल्या रिले (मेल पुढे पोहोचवणाऱ्या) सेवेच्या हाती द्यावेत. दुसरा पर्याय म्हणजे भाड्याने एक लहान आभासी सर्व्हर घेऊन त्याचा स्थिर पत्ता वायरगार्ड या सॉफ्टवेअरने उभारलेल्या सुरक्षित बोगद्याने घरापर्यंत आणणे. यात जगाला दिसणारा दरवाजा माहिती केंद्रात राहतो, पण पत्रे घरातील डिस्कवर उतरतात. सीजीनॅटमागील घरांनाही हा मार्ग खुला आहे. असा पत्ता घेताना पूर्वीच्या भाडेकरूमुळे तो काळ्या यादीत नाही ना, आणि पुरवठादार पोर्ट २५ उघडून देतो ना, हे पैसे भरण्यापूर्वी पाहावे. बाहेरची मदत घेतली म्हणजे सर्व्हर स्वतःचा राहिला नाही, असे काही जण मानतात. ते मत पटण्यासारखे नाही; पत्रसंग्रह, पत्ते आणि किल्ल्या ज्याच्या ताब्यात, सर्व्हर त्याचाच.

यंत्रसामग्रीविषयी फार सांगण्यासारखे नाही. एका कुटुंबाच्या मेलचा भार इतका कमी असतो की रास्पबेरी पाय हा छोटा संगणकही पुरतो, मात्र त्याच्या मेमरी कार्डावर सतत लिहिले गेल्याने ते खराब होते, म्हणून मेल वेगळ्या डिस्कवर ठेवावेत. जुना लॅपटॉप अधिक सोयीचा. त्याची बॅटरी चांगली असेल तर छोट्या खंडिततेत तीच आधार देते. राउटरलाही इन्व्हर्टरवर घ्यावे लागते, हे लोक विसरतात.

सुरक्षेचा भाग मात्र कायमचा आहे. सर्व्हर उघडा होताच अनोळखी यंत्रे परवलीचे शब्द आजमावू लागतात. एखाद्या सदस्याचा दुबळा शब्द फुटला की त्या खात्यातून रातोरात हजारो स्पॅम मेल जाऊ शकतात आणि कष्टाने मिळवलेले नाव जाते. वारंवार चुकणाऱ्यांना रोखणारे फेल२बॅन, जोडणी सांकेतिक करण्यासाठी लेट्स एन्क्रिप्टचे विनामूल्य प्रमाणपत्र, वेळच्या वेळी अद्ययावत केलेले सॉफ्टवेअर आणि घराबाहेर सांकेतिक रूपात ठेवलेली मेलची राखीव प्रत (बॅकअप) यांना पर्याय नाही. घरगुती मेल सर्व्हरचे सर्वाधिक गाजलेले उदाहरण, हिलरी क्लिंटन यांनी अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री असताना न्यू यॉर्क राज्यातील चॅपाक्वा येथील घरातून वापरलेला सर्व्हर, मार्च २०१५ मध्ये जाहीर चर्चेत आले. तेथील आक्षेप घरी सर्व्हर असण्यापेक्षा त्यावरून सरकारी कामकाज झाल्याचा होता.

मराठी वापरकर्त्याला घरचा सर्व्हर एक खास मुभा देतो. ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालेल्या .भारत या देवनागरी विभागात डोमेन घेऊन @ च्या दोन्ही बाजूंना देवनागरी असलेला पत्ता तयार करता येतो. आरएफसी ६५३१ ने २०१२ मध्ये त्याची सोय केली आणि पोस्टफिक्सने ती आवृत्ती ३.० पासून दिली. समोरच्या सर्व्हरलाही ही भाषा समजावी लागते, अन्यथा मेल परत येतो. म्हणून त्याच पेटीला रोमन लिपीतील दुसरा पत्ता जोडून ठेवतात. स्पॅम गाळणारे सॉफ्टवेअर आपल्याच पत्रव्यवहारावर शिकवता येत असल्यामुळे घरच्या मराठी मेलची पारखही ते हळूहळू चांगली करू लागते.

डोमेनचे वार्षिक नूतनीकरण चुकणे हा डिस्क जळण्यापेक्षा मोठा अपघात ठरतो, कारण मुदतीनंतर ते नाव दुसऱ्याने घेतले तर पुढचे सर्व मेल, बँकेच्या परवलीच्या शब्दांसह, त्याच्याकडे जाऊ लागतात. नूतनीकरणाची सूचना ज्या पत्त्यावर येते तो पत्ता त्याच डोमेनवरचा असू नये. सर्व्हर चालवणारी व्यक्ती आजारी पडली किंवा वारली, तर घरातील इतरांचे मेलही तिच्याबरोबर थांबतात. त्यामुळे डोमेन कोठे नोंदले आहे, शुल्क केव्हा भरायचे, प्रत कोठे ठेवली आहे आणि सर्व खाती एखाद्या व्यावसायिक सेवेकडे हलवण्यासाठी एमएक्स नोंद कशी बदलायची, हे कागदावर साध्या मराठीत लिहून घराच्या इतर महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवले जाते.